समाकृतिकता : आकारावरून अणूंची मोजणी

शाळेत आपण एकरूप आणि समरूप त्रिकोण शिकलो. पहिल्यात आकार आणि माप दोन्ही सारखे, दुसऱ्यात फक्त आकार. आजचा शब्द त्यांच्याच कुळातला, पण रसायनशास्त्रातला : आयसोमॉर्फिझम, म्हणजे समाकृतिकता. ग्रीकमध्ये 'आयसॉस' म्हणजे समान, 'मॉर्फे' म्हणजे रूप. आता ही नुसती फोड झाली. शब्दाची गरज का पडली, ते बघू.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संयुगात कोणतं मूलद्रव्य वजनाने किती, हे काढता येत होतं. पण अणू किती? ते मोजायला साधनच नव्हतं. आणि अणूंची संख्या चुकली, की अणुभार थेट दुप्पट किंवा निम्मा!

1819 च्या सुमारास बर्लिनमध्ये आयलहार्ड मित्शरलिख या तरुणाने (हा मुळात फारसी भाषेचा अभ्यासक बरं का) पोटॅशियमच्या फॉस्फेटचे आणि आर्सेनेटचे स्फटिक ताडून पाहिले. आकार सारखेच! त्याने निष्कर्ष काढला की मूलद्रव्यं वेगळी असली, तरी अणूंची संख्या आणि मांडणी सारखी असेल तर स्फटिकही सारखे होतात.

स्वीडनच्या बर्झेलियसने यातली ताकद ओळखली. क्रोमेट आणि सल्फेट समाकृतिक. म्हणजे सल्फरच्या एका अणूला तीन ऑक्सिजन, तर इथे क्रोमियमच्या एकाला तीन. क्रोमियमच्या हिरव्या ऑक्साइडमध्ये तेवढ्याच क्रोमियमला ऑक्सिजन निम्मा, म्हणजे दीड. अर्धा अणू तर नसतो. मग प्रमाण दोनास तीन. लोखंडाचा तांबडा ऑक्साइड याच्याशी समाकृतिक, म्हणून तिथेही दोनास तीन. आधी बर्झेलियस तिथे एकास तीन धरत असे. त्यामुळे 1826 च्या सुमारास लोखंडाचा अणुभार निम्म्यावर, आजच्या 56 च्या जवळ आला.

मात्र नियमाला मर्यादा आहेत. 'सारखा' म्हणजे तंतोतंत नव्हे : कॅल्साइट आणि सिडेराइट यांच्या कोनांत सुमारे दोन अंशांचा फरक पडतो. शिवाय कॅल्साइट आणि सोडियम नायट्रेट यांची ठेवण एकच, पण रसायन म्हणून नातं दूरचं. म्हणून आकार हा पुरावा धरायचा, पण एकटा नाही. वजनं आणि उष्णतेची मापं यांच्याशी तो पडताळून घ्यायचा. बर्झेलियसनेही तेच केलं.