पाण्याला हुकूमत लागतेच का?

मोठा समाज सुरळीत चालायचा तर वर कुणीतरी हुकूम सोडणारा हवाच, हे मत इतके मुरले आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. कार्ल विटफोगेल यांनी १९५७च्या ‘ओरिएंटल डेस्पॉटिझम’ या ग्रंथात त्याला सिद्धान्ताचे रूप दिले : मोठे कालवे आले की नोकरशाही आली, आणि तिच्यामागून निरंकुश सत्ता. युक्तिवाद दुबळा नाही. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवले तर खालच्याने दाद कुणाकडे मागायची?

बाली बेटावर याचे उत्तर आहे. तिथे भातखाचरांचे पाणी ‘सुबक’ नावाचे शेतकऱ्यांचे संघ आपल्या जलमंदिरांमार्फत वाटून घेतात. वरचे सुबक खालच्यांना पाणी सोडतात ते निव्वळ परोपकाराने नव्हे, किडीच्या धाकानेही. शेजारची सगळी खाचरे एकदम पिकली आणि एकदम रिकामी राहिली, तर तुडतुड्यांना खायला उरत नाही. खालच्याचे पाणी तोडले की त्याचे पीक मागे पडते आणि तिथली कीड वर चढते. पाणी वरच्याच्या हाती असले, तरी कीड दोघांची असते.

स्टीफन लॅन्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी ओस आणि पेतानू नद्यांवरच्या १७२ सुबकांचे संगणकीय प्रतिमान केले. नियम एकच : शेजाऱ्यांत ज्याला पीक अधिक, त्याचे वेळापत्रक पुढच्या वर्षी उचलायचे. थोड्याच वर्षांत उभी राहिलेली मांडणी खऱ्या जलमंदिरांच्या जाळ्याशी जुळणारी निघाली.

कुणी म्हणेल, बातूर सरोवराच्या मंदिराचा मुख्य पुजारी हाच तिथला नियंता. तसे नाही. तो सल्ला देतो, तंटे मिटवतो; पेरणी केव्हा करायची ते सुबक आपसात ठरवतात. वरून हुकूम आला तो १९७०च्या दशकात, हरितक्रांतीबरोबर : जमेल तितक्या वेळा भात घ्या. मेळ तुटला, पाणी अपुरे पडू लागले, तुडतुड्यांनी शेते खाल्ली. तिथल्या सिंचन प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या आशियाई विकास बँकेनेही जलमंदिरांची उपयुक्तता पुढे मान्य केली.

बाली हा अपवाद म्हणावा, तर धुळे-नाशिककडची फड ही सामुदायिक सिंचनाची पद्धत आहेच. तिथेही पाणी वाटणारा पाटकरी लाभधारक शेतकरीच नेमतात.

काही साम्राज्यांविषयी विटफोगेल बरोबर असतीलही. पण सिंचन म्हणजे निरंकुश सत्ता, हा सार्वत्रिक नियम म्हणून त्यांचा सिद्धान्त टिकत नाही.