एकटे राहता? समाधान आणि सुरक्षितता, दोन्ही सांभाळा

मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेली, जोडीदार राहिला नाही आणि आई किंवा वडील घरात एकटेच उरले, अशी घरे जालना शहरातही आहेत आणि खेड्यांतही. जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडतात. मग हंगाम संपेपर्यंत त्या घरांत म्हातारी माणसेच मागे राहतात.

अशा वेळी मुले विचारतात, “डॉक्टर, आईला एकटे ठेवणे बरोबर आहे का?” आई म्हणते, “मी इथेच बरी आहे.” दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. एकटे राहायला हरकत नाही. मात्र आपण आज कसे आहोत हे रोज एका तरी माणसाला कळले पाहिजे.

एकटे राहणे आणि एकाकी वाटणे

घरात दुसरे कोणी नसणे ही राहण्याची पद्धत झाली. एकाकीपणा ही भावना आहे. आपल्याला हवी तितकी आणि हवी तशी सोबत मिळत नाही, असे वाटते तेव्हा ती येते. म्हणून भरल्या घरातही एखाद्याला एकाकी वाटते, आणि ओट्यावर एकट्याने चहा घेणारी व्यक्ती मजेत असू शकते. स्वतःची वेळ, स्वतःची चव आणि ओळखीची गल्ली यांतही मोठे सुख असते.

धोका किती आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांपैकी एकाला एकाकीपणाचा त्रास होतो, आणि दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. २०१५ मध्ये ७० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात एकाकी वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे २६ टक्के, तर एकट्या राहणाऱ्यांमध्ये सुमारे ३२ टक्के अधिक आढळला. एकटे राहिल्यामुळेच मृत्यू येतो, असे यातून सिद्ध होत नाही. पण मन समाधानी असले तरी काही व्यवस्था करून ठेवावी लागते, एवढा बोध नक्की घ्यावा.

स्वतःला विचारा हे ३ प्रश्न

१. सोबतीची उणीव जाणवते का?
२. आपल्याला वगळले जाते असे वाटते का?
३. आपण इतरांपासून तुटलो आहोत असे वाटते का?

‘क्वचित किंवा कधीच नाही’ असेल तर १, ‘कधीकधी’ला २ आणि ‘बऱ्याचदा’ला ३ गुण द्या. बेरीज ६ किंवा त्याहून जास्त आली तर एकाकीपणाकडे लक्ष द्यायला हवे. हे निदान नाही, फक्त अंदाज आहे.

“मी बरी आहे” केव्हा खरे मानू नये?

उतारवयात नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. झोप न लागणे, भूक मरणे, वजन घटणे, अंग दुखणे, अंघोळीचा कंटाळा, आवडती मालिका किंवा भजनही नकोसे होणे, अशा रूपांत ते येते. यातील काही लक्षणे २ आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर तपासणी करा. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतूनही असा थकवा येतो.

कान आणि डोळेही तपासा. ऐकू कमी येऊ लागले की माणूस चारचौघांत बसणे टाळतो, आणि घरच्यांना वाटते की स्वभाव बदलला. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी बाहेर पडणे बंद होते. यांवर उपचार आहेत.

एकटे राहताना करायची व्यवस्था

• रोजची खूण: सकाळी ठरलेल्या वेळी मुलाला किंवा मुलीला फोन करा. फोन आला नाही तर त्यांनी शेजारी विचारायचे, हे आधीच ठरवा.
• किल्ली: एक जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवा. न्हाणीघराची कडी आतून लावू नका.
• पडणे टाळा: रात्री छोटा दिवा चालू ठेवा. झोपेतून एकदम उठू नका. मिनिटभर काठावर बसून मग उभे राहा. फोन जवळच असू द्या.
• मधुमेह: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण चुकवू नका. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच ३ चमचे साखर पाण्यात घालून घ्या. साखरेचा डबा हाताशी ठेवा.
• जेवण: ‘एकट्यासाठी काय करायचे’ म्हणून चहा-बिस्किटावर भागवू नका. भाकरीसोबत वरण, पिठले, दही किंवा अंडे यांपैकी काहीतरी रोज हवे.
• उन्हाळा: पारा चाळिशीपार गेला की तहान नसली तरी थोडे थोडे पाणी प्या. पाणी मोजून पिण्यास सांगितले असेल तर डॉक्टरांना विचारा.
• बाहेर पडणे: दिवसातून एकदा तरी कोणाशी समोरासमोर बोला. एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयोगटाला आणि सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. चतुर्थीला राजूरला जा, बहिणीकडे जा.

मुलांसाठी दोन शब्द

आईला बळेच शहरातल्या फ्लॅटमध्ये आणल्याने एकाकीपणा वाढूही शकतो, कारण तिथे तिची गल्ली नसते. आधी महिनाभर राहून पाहू द्या आणि निर्णय तिला घेऊ द्या. फोनवर फक्त “गोळी घेतली का?” एवढेच विचारू नका. लोणच्याचे प्रमाण विचारा, शेताचे विचारा. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव माणसाला उभारी देते.

मात्र विसरभोळेपणा वाढला, गॅस चालू राहू लागला, वारंवार तोल जाऊ लागला किंवा औषधांचा गोंधळ होऊ लागला, तर एकटे राहण्याचा फेरविचार करा.

मदत कधी घ्यावी?

जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा, आणि त्याखाली शेजाऱ्याचा क्रमांकही लिहा.