डेट्रॉइट नेमके कधी रिते होऊ लागले?

१/८
डेट्रॉइटच्या ऱ्हासाची कथा बहुधा १९६७ च्या दंगलीपासून सांगितली जाते. जनगणनेचे आकडे मात्र वेगळी साक्ष देतात. हे शहर त्याच्या कितीतरी आधीपासून ओसरू लागले होते.

२/८
आधी उत्कर्ष पाहू. १९०० साली लोकसंख्या होती २,८५,७०४. १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात मोटारींची जुळणी सरकत्या साखळीवर होऊ लागली. पुढच्याच वर्षी त्याने दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली. १९२० मध्ये लोकसंख्या ९,९३,६७८ झाली.

३/८
युरोपातून आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कामगार येतच राहिले. दक्षिणेतून आलेल्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. १९५० साली शहराने शिखर गाठले : १८,४९,५६८.

४/८
पण पाया आधीच सरकला होता. १९४७ ते १९५८ या काळात तीन बड्या मोटार कंपन्यांनी या परिसरात २५ नवे कारखाने उभारले, ते सर्व उपनगरांत. एकमजली कारखान्यांना लागणारी सलग जमीन तेथे स्वस्त होती आणि करही कमी होते. १९४७ ते १९६३ दरम्यान शहराने कारखान्यांतील सुमारे १,३४,००० रोजगार गमावले.

५/८
कामामागे माणसेही गेली. मात्र ती वाट सर्वांना खुली नव्हती. सरकारी हमीचे गृहकर्ज कृष्णवर्णीय वस्त्यांना नाकारले जाई. १९४१ मध्ये एका बिल्डरने गोऱ्यांच्या नियोजित वसाहतीला अशी हमी मिळावी म्हणून शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेने सहा फूट उंचीची भिंत बांधली. ती आजही उभी आहे.

६/८
१९६० ची लोकसंख्या १६,७०,१४४. दहा वर्षांत जवळपास १ लाख ८० हजारांची घट, तीही दंगलीच्या सात वर्षे आधी! १९६७ च्या दंगलीत ४३ जणांचा बळी गेला आणि स्थलांतराचा वेग वाढला. पण त्याची सुरुवात दंगलीने केली नव्हती.

७/८
माणसे घटली तरी शहराचा विस्तार तेवढाच राहिला. रस्ते, जलवाहिन्या, दिवाबत्ती, निवृत्तिवेतन यांचा भार उरलेल्या करदात्यांवर पडला. १८ जुलै २०१३ रोजी सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२० ची लोकसंख्या ६,३९,१११.

८/८
दंगलीला तारीख असते, छायाचित्रे असतात. कारखाना कोठे हलवायचा आणि कर्ज कोणाला द्यायचे, हे निर्णय कागदोपत्री, गाजावाजा न होता घेतले जातात. कथा १९६७ पासून सुरू केली, की दोष शहरात मागे राहिलेल्यांच्या माथी येतो. १९४७ पासून सुरू केली, की निर्णय घेणारेही दिसू लागतात.