गोपनीय संवादाचा विशेषाधिकार

विश्वासाच्या नात्यात झालेले बोलणे न्यायालयात उघड करण्यास साक्षीदाराला भाग पाडता येत नाही, हे पुराव्याच्या कायद्यातील संरक्षण. भारतात ते १८७२ च्या पुरावा अधिनियमाने दिले. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ची कलमे १२८ ते १३४ लागू आहेत.

पती-पत्नींनी वैवाहिक काळात एकमेकांना सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. परस्परांविरुद्धचे दावे व गुन्हे याला अपवाद आहेत. संरक्षण शब्दांना आहे, कृतीला नाही. १९५४ च्या एका खून खटल्यात पतीला पहाटे छपरावरून उतरताना पाहिल्याची पत्नीची साक्ष सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. दागिन्यांविषयी तो तिला जे बोलला, ते मात्र वगळले.

वकील व अशील यांच्यातील विशेषाधिकार अशिलाचा असतो आणि काम संपल्यावरही टिकतो. बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला तो मिळत नाही. शासकीय गोपनीय पत्रव्यवहारालाही संरक्षण आहे. डॉक्टर व धर्मगुरू यांना या अधिनियमात असा विशेषाधिकार नाही.

सत्यशोधनाला यामुळे मर्यादा पडते. पण निर्भयपणे मन मोकळे करता आले नाही, तर कायदेशीर सल्ला व सहजीवन दोन्ही पोकळ ठरतात.