सागरविज्ञानाचे पदवी शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बहुतेक मूलभूत विज्ञानशाखांत प्रथम पदवी व नंतर संशोधन हा क्रम रूढ आहे. सागरविज्ञानात मात्र आधी मोहीम, मग संशोधन संस्था, त्यानंतर पदव्युत्तर विभाग आणि बहुधा सर्वांत शेवटी पदवी अभ्यासक्रम असा उलटा क्रम आढळतो. त्याची कारणे व परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषयाची जडणघडण :
ब्रिटनच्या 'चॅलेंजर' मोहिमेपासून (१८७२-१८७६) आधुनिक सागरविज्ञानाचा आरंभ मानला जातो. या जहाजावरील वायव्हिल थॉमसन हे निसर्गशास्त्रज्ञ, तर ब्युकॅनन हे रसायनशास्त्रज्ञ होते. पुढे मोहिमेच्या अहवालांचे संपादन करणारे जॉन मरे यांनी विद्यापीठाची पदवीही घेतली नव्हती. अन्य शास्त्रांत तयार झालेल्या व्यक्ती समुद्राकडे वळल्या आणि त्यांतून ही शाखा उभी राहिली. लिव्हरपूल विद्यापीठात १९१९ मध्ये हर्डमन यांच्या देणगीतून या विषयाचे अध्यासन निर्माण झाले. अमेरिकेतील स्क्रिप्स ही १९०३ मध्ये स्थापन झालेली संस्था १९१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात समाविष्ट झाली. स्व्हेरड्रुप, जॉन्सन व फ्लेमिंग यांच्या १९४२ मधील 'द ओशन्स' या ग्रंथाने विषयाचे भौतिक, रासायनिक व जैविक अंग प्रथमच एका चौकटीत मांडले.

भारतातील वाटचाल :
आंध्र विद्यापीठात १९५० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ लाफाँड यांच्या सहकार्याने सागरविज्ञानाच्या अध्यापनास चालना मिळाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९५९-१९६५) भारतीय नौदलाच्या 'किस्तना' जहाजाने भाग घेतला. तिच्याच फलस्वरूप १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली व पुढे तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आले. संशोधनाची ही परंपरा भक्कम झाली. अध्यापन मात्र प्रामुख्याने पदव्युत्तर स्तरावरच राहिले. कोकणात रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकविला जातो, परंतु मत्स्यविज्ञानाचा एक घटक म्हणून.

चिकित्सा :
गणित व भौतिकशास्त्राचा पाया पक्का झाल्यावाचून सागरप्रवाहांचे गणित उमगत नाही, हा पदवी अभ्यासक्रमाविरुद्धचा आक्षेप निराधार नाही. तथापि दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्रातील प्रवाह दिशा बदलतात, किनाऱ्यालगत खोल पाणी वर येते, त्यातील पोषकद्रव्यांवर वनस्पतिप्लवक वाढतात आणि मासळीचे गणित बदलते. ही एकच साखळी चार विभागांत विभागून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती अखंड कधीच दिसत नाही.

समारोप :
जहाजाची आवश्यकता हे सागरविज्ञान उच्च स्तरापुरते मर्यादित राहण्याचे एक कारण होते. परंतु भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवणे, खाडीच्या पाण्याची क्षारता मोजणे किंवा प्लवकांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणे यांसाठी जहाज लागत नाही. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या विद्यमान प्रयोगशाळांत ही कामे शक्य आहेत. विषयाच्या शिक्षणाचा क्रम हा इतिहासाने घडविलेला आहे, विषयाच्या स्वरूपाने नव्हे. समुद्राकाठी वाढलेल्या विद्यार्थ्याला समुद्राचा शास्त्रीय परिचय पदवीनंतरच व्हावा, हा नियम त्यामुळेच पुनर्विचारास पात्र ठरतो.