न्यूरोफीडबॅक (अतिचंचल मुलांवरील उपचार)

न्यूरोफीडबॅक : मेंदूतील विद्युत् लहरी मोजून त्या त्याच क्षणी संगणकाच्या पडद्यावर दाखवायच्या आणि हव्या त्या दिशेने बदलायला रुग्णाला शिकवायचे, अशी प्रशिक्षणपद्धती. अवधानन्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या मुलांसाठी ती विशेष वापरली जाते. शाळकरी वयाच्या शंभरांपैकी साधारण पाच मुलांत ही अवस्था आढळते. त्यांचे लक्ष टिकत नाही, त्यांना एका जागी बसवत नाही आणि विचाराआधी कृती होऊन जाते.

मुलाच्या डोक्यावर, बहुधा टाळूच्या आसपास, लेप लावून इलेक्ट्रोड चिकटवतात. त्यांतून डोक्यात वीज सोडली जात नाही, आतली फक्त मोजली जाते. पालकांना हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. लहरींचा नमुना अपेक्षेप्रमाणे असला की पडद्यावरचे विमान वर चढते किंवा चित्रपट पुढे सरकतो, आणि नमुना बिघडला की थांबतो. एक सत्र अर्धा ते पाऊण तास चालते. आठवड्याला दोन-तीन याप्रमाणे तीस-चाळीस सत्रे घेतात.

सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या लहरींना थीटा व १३ पेक्षा अधिक आवर्तनांच्या लहरींना बीटा म्हणतात. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांत बीटाच्या मानाने थीटाचे प्रमाण जास्त दिसले, म्हणून थीटा कमी आणि बीटा जास्त करण्याचा सराव रूढ झाला. मात्र पुढच्या अभ्यासांत निरोगी व बाधित मुलांमधला हा फरक इतका आक्रसला की केवळ त्यावरून निदान करता येत नाही. बाहेरून सारखेच दिसणारे वर्तन असलेल्या दोन मुलांचे मेंदू एकाच तऱ्हेने चालत असतील, हे गृहीतकच मुळात कच्चे होते.

माणसाच्या मेंदूच्या विद्युत् लहरींची पहिली नोंद हान्स बेर्गर यांनी जर्मनीतील येना येथे १९२४ मध्ये घेतली. या लहरी मनुष्य स्वतः ओळखू व बदलू शकतो, हे जो कामिया यांनी शिकागोत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवले. उपचाराची वाट मात्र मांजरांनी उघडली. लॉस एंजेलिसचे बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना खाण्याचे बक्षीस देत १२ ते १५ आवर्तनांची एक लहर वाढवायला शिकवले. ती लहर शरीर निश्चल व मेंदू जागा असताना उमटते. पुढे रॉकेटच्या इंधनातील हायड्राझीनचा विषारी परिणाम तपासताना याच मांजरांना झटके उशिरा येतात असे दिसले. मांजरांना बक्षीस हवे होते, बरे होण्याची आशा नव्हती, म्हणून या निरीक्षणाला वजन आले. १९७२ मध्ये स्टर्मन यांनी एका अपस्मारी रुग्णावरील यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केला. टेनेसी विद्यापीठाचे जोएल लूबर यांनी १९७६ मध्ये हीच पद्धत एका अतिचंचल मुलावर वापरली.

नंतरच्या अनेक अभ्यासांत फायदा दिसला. २००९ मधील जर्मन चाचणीत १०२ मुले होती आणि न्यूरोफीडबॅकचा गट संगणकावरील अवधान-सरावाच्या गटापेक्षा सरस ठरला. अशा अभ्यासांची अडचण एकच होती : मुलाच्या वर्तनाला गुण देणारे बहुतेक वेळा पालकच होते आणि आपले मूल कोणता उपचार घेते हे त्यांना ठाऊक असे किंवा ओळखता येई. ज्यांना ते ठाऊक नव्हते अशांच्या नोंदी वेगळ्या काढल्यावर २०१३ च्या एका मोठ्या विश्लेषणात फरक जवळजवळ नाहीसा झाला.

निर्णायक चाचणी २०२१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ७ ते १० वर्षांच्या सुमारे १४० मुलांपैकी काहींना खरा न्यूरोफीडबॅक मिळाला. इतरांना तसाच खेळ, तीच खुर्ची, तितकीच सत्रे मिळाली, पण पडद्यावरचे बक्षीस दुसऱ्याच मुलाच्या आधी नोंदवलेल्या लहरींवर चालत होते. मुले, पालक, प्रशिक्षक, कोणालाही गट माहीत नव्हता. दोन्ही गट ठळकपणे सुधारले; सुधारणा तेरा महिन्यांनंतरही टिकली, आणि लक्षाच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. २०२४ च्या अखेरीस ३८ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानेही तोच निष्कर्ष दिला.

म्हणजे मुले सुधारतात हे खोटे नाही. नियमित वेळ, स्थिर बसण्याचा सराव, शाबासकी, एका मोठ्या माणसाचे पूर्ण लक्ष आणि पालकांची उमेद यांनी मूल खरोखर सावरते. फक्त त्याचे श्रेय थीटा-बीटाच्या हिशेबाला देता येत नाही.

दुष्परिणाम सौम्य आहेत : डोकेदुखी, थकवा, चिडचिड. खरी हानी खर्चाची व हातून गेलेल्या वेळेची. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या २०१९ च्या शिफारशीनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांचे वर्तन-प्रशिक्षण आणि त्यापुढच्या वयात औषध, वर्तनोपचार व शाळेचे साहाय्य द्यावे. न्यूरोफीडबॅकचा समावेश त्यात नाही. भारतातही काही खासगी केंद्रे तो देतात. घ्यायचाच असेल तर पूरक म्हणून घ्यावा. चालू असलेले औषध बालमनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नये.