कोड लिहून छापील तक्ते कसे तयार करतात?

प्रबंध, शोधनिबंध किंवा वार्षिक अहवालातले आकडे बहुधा एक्सेलमधून उचलून हाताने तक्त्यात भरले जातात. मूळ माहितीतली एक नोंद दुरुस्त झाली, की सरासरी आणि टक्केवारी बदलते आणि सगळे तक्ते पुन्हा भरावे लागतात. त्यातला एखादा जुनाच राहिला, तर वाचणाऱ्याला कळतही नाही. यावर उपाय म्हणजे तक्ता कोडकडून लिहून घेणे.

काम कसे चालते?

डोनाल्ड नुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात ‘लाटेक’ उभारले. लाटेकमधला तक्ता हा साधा मजकूरच असतो: दोन रकान्यांमध्ये & हे चिन्ह आणि ओळीच्या शेवटी \\ ही खूण. त्यामुळे तो प्रोग्रामलाही लिहिता येतो.

१. ‘आर’ किंवा ‘पायथन’ या भाषेत मूळ फाइल वाचून हिशेब करायचा.
२. ‘आर’मधले ‘एक्सटेबल’ किंवा पायथनमधले ‘पांडाज’ वापरून तक्ता वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा.
३. मुख्य दस्तऐवजात ती फाइल फक्त जोडून घ्यायची.

माहिती बदलली, की कोड पुन्हा चालवून दस्तऐवज पुन्हा तयार करायचा.

कुठे अडते?

- खास चिन्हे: लाटेक % या चिन्हापुढचा ओळीतला मजकूर शेरा समजून गाळते. आकड्यापुढे नुसते % आले, तर त्या ओळीतले पुढचे रकाने गायब होतात. चिन्हाआधी \ द्यावी लागते.
- रिकाम्या जागा: सरासरी काढताना एकही नोंद रिकामी असेल, तर ‘आर’ उत्तरच देत नाही. पांडाज मात्र ती नोंद गुपचूप वगळून सरासरी काढते. किती नोंदी वापरल्या, हा आकडाही तक्त्यात द्यावा.
- स्वल्पविराम: तयार सोयी सहसा तीन-तीन अंकांचे गट पाडतात. १२,३४,५६७ असे हवे असेल, तर तसे वेगळे सांगावे लागते.
- देवनागरी: मराठी मजकुरासाठी ‘झीलाटेक’ किंवा ‘लुआलाटेक’ आणि देवनागरी फॉन्ट लागतो.

खरा फायदा कोणता?

वेळ वाचतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकडा कुठून आला हे दाखवता येते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० मधल्या सरकारी कर्जावरील गाजलेल्या निबंधात, एक्सेलच्या सूत्रातल्या चुकीमुळे २० पैकी ५ देश सरासरीतून सुटले होते. २०१३ मध्ये इतर संशोधकांनी मूळ एक्सेल फाइल मिळवून तपासली, तेव्हा ते उघड झाले.

कोडमध्येही अशी चूक होऊ शकते. पण कोणत्या ओळी घेतल्या आणि कोणत्या वगळल्या, हे तिथे क्रमाने लिहिलेले असते आणि दुसऱ्याला वाचता येते. तरीही प्रत्येक तक्त्यातली एक ओळ हाताने ताडून पाहावी. कोड नक्कल करताना चुकत नाही, पण चुकीचा हिशेबही तो तितक्याच नेटकेपणाने छापतो.